फ्लॅट घेताय किंवा विकताय? कायद्याचे सगळेच विचारतात ते प्रश्न

पुण्यात वकिलांच्या ऑफिसात दस्ताची कामं बघतो, त्यामुळे हे प्रश्न रोजचेच, फक्त अडचण एवढीच की लोक ते विचारायला येतात टोकन देऊन झाल्यावर. तेव्हा मग आमच्याकडे सांगायला फारसं काही उरलेलं नसतं. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या घरांबद्दल आहे, मुख्यतः रिसेल फ्लॅट, थोडं बिल्डरकडच्या नवीन फ्लॅटबद्दल. दर आणि फी सरकार बदलत असतं, त्यामुळे प्रत्यक्ष भरायच्या आधी एकदा चालू आकडा बघून घ्या.

साठेखत आणि खरेदीखत यात फरक काय? माझ्याकडे नुसतं ॲग्रीमेंट आहे, मग मी मालक नाही का?

साठेखत म्हणजे "मी तुला विकीन" असा करार, आणि खरेदीखत म्हणजे "विकलं". १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्टच आहे की नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क तयार होत नाही. हे वाचून लोक घाबरतात, कारण बहुतेकांच्या कपाटात बिल्डरबरोबरचं ॲग्रीमेंट तेवढंच असतं. पण फ्लॅटचं गणित जमिनीपेक्षा वेगळं आहे. बिल्डर तुमच्याशी रजिस्टर्ड ॲग्रीमेंट करतो, ताबा देतो, सगळे मिळून सोसायटी होते, सोसायटी तुम्हाला शेअर सर्टिफिकेट देते आणि जमीन-बिल्डिंगचं कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतराचा दस्त) सोसायटीच्या नावाने व्हायचं असतं. म्हणजे रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, ताबा आणि शेअर सर्टिफिकेट हे तिन्ही असेल तर सोसायटीतला फ्लॅट व्यवस्थित विकता येतो आणि रोज विकले जातात.

अपार्टमेंट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पुण्यात अशा बिल्डिंगा भरपूर आहेत जिथे बोर्डवर काहीही लिहिलेलं असो, कागदावर ती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची अपार्टमेंट असते. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, तिथे प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट असावं लागतं, आणि ते राहून गेलं असेल तर बिल्डरला शोधत फिरावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, की सोसायटी की अपार्टमेंट.

रिसेलला पुण्यात आधी साठेखत मग खरेदीखत अशी पद्धत आहे, ती उगाच नाही. घेणाऱ्याला लोन मिळायला रजिस्टर्ड कागद लागतो आणि विकणाऱ्याला पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय "विकलं" असं लिहून द्यायचं नसतं, मग मधला मार्ग म्हणजे साठेखत रजिस्टर करायचं, बँकेचे पैसे आले की खरेदीखत आणि ताबा. पूर्ण स्टॅम्प ड्युटी साठेखतालाच भरलेली असते, खरेदीखताला परत भरावी लागत नाही, नाममात्र स्टॅम्प लागतो.

टोकन किती द्यावं? आणि व्यवहार मोडला तर परत मिळतं का?

कायद्यात आकडा नाही. आमचा सल्ला एकच, फाईल बघून होईपर्यंत जे बुडालं तरी झोप उडणार नाही तेवढंच द्या, आणि चेक किंवा ऑनलाइनच. सोबत विसार पावती, म्हणजे टोकनची लेखी पावती करा आणि तिच्यात चार ओळी हव्यातच: ठरलेली किंमत, साठेखत किती दिवसांत, टायटल क्लिअर निघालं नाही किंवा लोन नामंजूर झालं तर टोकन पूर्ण परत, आणि घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर किती कापायचं. हे लिहिलेलं नसलं की मग भांडण. एजंट "विश्वासावर चालतं हो" म्हणतो, त्याचं बरोबर आहे, त्याचा विश्वास त्याच्या कमिशनवर असतो.

फाईलमध्ये नेमकं काय काय बघायचं?

चेन. म्हणजे बिल्डरपासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक हाताचा रजिस्टर्ड दस्त, त्याची रजिस्ट्रेशन पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातला दस्ताचा गोषवारा). मधला एकही दुवा गाळून चालत नाही.

उदाहरण देतो. एक फाईल आली होती, बघायला एकदम झकास, प्लास्टिकच्या कव्हरात, वर रंगीत टॅग लावलेले. पहिल्या मालकाचं बिल्डरबरोबरचं ॲग्रीमेंट, नंतर दुसरा मालक, तिसरा, सगळं होतं. पण दुसऱ्या मालकाच्या दस्तात विकणारे म्हणून नवरा-बायको दोघं, आणि त्याच्या आधीच्या ॲग्रीमेंटमध्ये घेणारे म्हणून नवरा, बायको आणि नवऱ्याचा भाऊ असे तिघं. म्हणजे भावाचा हिस्सा कुठल्या कागदाने गेला याचा पत्ताच नाही. इतक्या वर्षांत मधल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण सगळ्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान बघितलं होतं. तो भाऊ सापडला, हक्कसोड पत्र झालं, पण व्यवहार काही महिने लटकला आणि घेणाऱ्याचं लोनचं सँक्शन संपून परत करावं लागलं.

चेनशिवाय बघायचं ते असं: मंजूर नकाशा, कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी), भोगवटा पत्र म्हणजेच ओसी (राहायला द्यायची परवानगी), शेअर सर्टिफिकेटवर मागच्या पानावर विकणाऱ्याचं नाव चढलंय का, प्रॉपर्टी टॅक्सची शेवटची पावती, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र, लाइट बिल. प्रॉपर्टी टॅक्सची थकबाकी मिळकतीवरच बोजा म्हणून राहते, माणूस गेला तरी ती जात नाही, तर ती साठेखताच्या आधी शून्य करून घ्या.

जुन्या बिल्डिंगमध्ये ॲग्रीमेंट अगदी कमी किमतीच्या स्टॅम्पवर दिसलं तर लगेच दचकू नका. फ्लॅटच्या ॲग्रीमेंटला खरेदीखतासारखी स्टॅम्प ड्युटी लागायला लागली ती १० डिसेंबर १९८५ पासून, त्याआधीची तशीच असायची. त्या तारखेनंतरचं ॲग्रीमेंट कमी स्टॅम्पचं असेल तर मात्र नीट चौकशी, कारण कमी भरलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड चढत जातो.

ओरिजिनल ॲग्रीमेंट हरवलंय, झेरॉक्स आहे. चालेल?

झेरॉक्सवर नाही. पोलिसात हरवल्याची तक्रार, पेपरात नोटीस, विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून सर्टिफाइड कॉपी, एवढं झालं की पुढे जाता येतं. पण हरवलंय की कुठेतरी गहाण पडलंय हा प्रश्न मनात ठेवा.

सर्च रिपोर्ट मी स्वतः ऑनलाइन काढू शकतो ना?

प्राथमिक काढू शकता आणि काढाच. नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट सर्च आहे, मुंबईचे दस्त १९८५ पासून आणि बाकी महाराष्ट्राचे २००२ पासून दिसतात. पण तिथे गावाचं नाव, सर्व्हे नंबर, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर जसा टाकाल तसं दिसतं, आणि जुन्या दस्तात एकच मिळकत तीन प्रकारे लिहिलेली असते. वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतात, त्यात ऑफिसात जाऊन जुनी पुस्तकं चाळणं येतं. बँकेचं लोन असेल तर बँकेचा वकील सर्च करतोच, पण तो बँकेच्या पैशासाठी करतो. तुमचा वकील तुमच्यासाठी.

पेपरातली जाहीर नोटीस हा रिवाज आहे. ती दिली म्हणून सगळे हक्क संपले असं काही होत नाही, पण लपून बसलेला दावेदार कधी कधी तिच्यामुळे बाहेर येतो, म्हणून द्या.

सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आहे, मग तो मालक झालाच ना?

नाही. सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड या नोंदी आहेत, मालकी येते ती दस्ताने किंवा वारसाने. सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही. उलट बाजूने, सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असेल तर त्या जमिनीच्या व्यवहाराला सरकारी परवानगी लागते, आणि फ्लॅट अशा जमिनीवर असला की ती गोष्ट तुमच्यापर्यंत येऊन पोचते.

बिल्डिंगला ओसी नाहीये पण लोक दहा-पंधरा वर्षं राहतायत. घ्यावं का?

हे असंख्य बिल्डिंगांचं आहे. ओसी नाही म्हणजे महापालिकेच्या दृष्टीने ती बिल्डिंग राहायला दिलेलीच नाही. मग बरेचदा पाण्याचं बिल जास्त दराने, टॅक्सला दंड, बँका लोन देताना कुरकुरतात, आणि पुढे रिडेव्हलपमेंटला अडथळा. एखादा मजला वाढवलाय का, पार्किंग बंद करून दुकानं काढलीत का, हे मंजूर नकाशा हातात धरून बिल्डिंगसमोर उभं राहून बघा, अर्ध्या तासात कळतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ओसी का अडली हे कळल्याशिवाय घेऊ नका. पैसे न भरल्यामुळे अडली असेल तर सुटू शकते, बेकायदा बांधकामामुळे अडली असेल तर ते तुमच्या आयुष्यात सुटेलच असं नाही.

सोसायटीची एनओसी लागते का? चेअरमन दोन लाख "डोनेशन" मागतायत.

मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही. बँक मागते म्हणून आपण घेतो. विकणाऱ्याने ट्रान्सफरची नोटीस द्यायची, दोघांनी फॉर्म भरायचे, ट्रान्सफर फी ५०० रुपये, नवीन सभासदाची प्रवेश फी १०० रुपये, आणि ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. ही मर्यादा शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाची, आणि त्याच्यावर डोनेशन, बिल्डिंग फंड, गणपती वर्गणी अशा कुठल्याही नावाने ट्रान्सफरसाठी रक्कम घेता येत नाही. घरातल्या घरात किंवा वारसाला ट्रान्सफर असेल तर प्रीमियमच नाही.

आता कायद्यात असं आहे आणि जिन्यात तसं नसतं हेही खरंय. विकणारा निघून जाणार असतो, घेणाऱ्याला त्याच चेअरमनबरोबर पुढची वीस वर्षं काढायची असतात, म्हणून लोक देऊन टाकतात. द्यायचं नसेल तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि मागणीही लेखी मागा. लेखी मागणी म्हटलं की आकडा आपोआप खाली येतो असा अनुभव आहे. नाहीच ऐकलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार.

वडील गेले, नॉमिनी मी आहे. फ्लॅट माझाच झाला ना?

अहो नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाच्या नावाने पत्रव्यवहार करायचा ते. २०१६ च्या इंद्राणी वाही प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सोसायटीने नॉमिनीच्या नावाने ट्रान्सफर करावं असं सांगितलं, ते अर्धंच व्हॉट्सॲपवर फिरतं. त्याच निकालात बाकी वारसांना आपला हक्क मागायची मोकळीक ठेवली आहे. नंतर २०१९ च्या सहकार कायद्याच्या दुरुस्तीत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलंय, वारस ठरेपर्यंत.

म्हणजे विकायचा असेल तर एक तर मृत्युपत्र हवं, नाहीतर सगळ्या वारसांनी एकत्र सही करायची, किंवा बाकीच्यांनी तुमच्या नावे रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करायचं. घेणारे असाल आणि विकणारा "मी नॉमिनी आहे" एवढंच सांगत असेल तर बाकीचे कोण कोण आहेत ते विचारा. गरज पडली तर कोर्टातून वारस दाखला. वेळ लागतो, पण बँकेलाही तोच लागतो.

बहिणींची लग्नं होऊन पंचवीस वर्षं झाली, त्यांच्या सह्या कशाला?

कारण त्या वारस आहेत. वडील मृत्युपत्र न करता गेले तर हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गातली वारस, लग्न झालं असो नसो. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः हक्क मिळाला, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ ला हयात होते की नव्हते हा वादही मिटला. "तिला लग्नात दिलंय सगळं" हे वाक्य दस्तात लिहिता येत नाही. बहीण हक्क सोडायला तयार असेल तर रजिस्टर्ड हक्कसोड पत्र, साध्या कागदावरचं "माझी हरकत नाही" याला काडीची किंमत नाही.

आणि वारसांमध्ये अज्ञान मूल असेल, म्हणजे अठराच्या खालचं, तर त्याचा हिस्सा आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ८. हे फार जण सोडून देतात. मूल मोठं झालं की व्यवहाराला आव्हान देऊ शकतं, आणि तोवर तुम्ही त्या घरात फर्निचर करून बसलेले असता.

फ्लॅट फक्त नवऱ्याच्या नावावर आहे, बायकोची सही लागते का?

स्वतःच्या पैशाने घेतलेला असेल तर कायद्याने लागत नाही. तरी बहुतेक वकील तिला "संमती देणार" म्हणून दस्तात घ्यायला सांगतात, विशेषतः घटस्फोट किंवा पोटगीचं काही चालू असल्याचा वास आला तर. अडचण नसेल तर घेऊनच टाका.

विकणाऱ्याचं लोन चालू आहे. धोका आहे का?

अशा व्यवहारात उलट कागद नीट असायची शक्यता जास्त, कारण एका बँकेने ते तपासलेले असतात. क्रम महत्त्वाचा. बँकेकडून येणं बाकीचं पत्र आणि कागदपत्रांची यादी घ्या, साठेखतात लिहा की घेणाऱ्याच्या पैशातून तेवढी रक्कम थेट त्या लोन खात्यात जाईल, विकणाऱ्याच्या सेव्हिंग खात्यात नाही. लोन संपलं की बँकेने ३० दिवसांत ओरिजिनल कागद परत द्यायचे आणि बोजा काढायचा, उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विकणाऱ्याला हे माहीत नसतं, त्याला सांगा.

स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन मिळून किती?

मुंबईत ६ टक्के, पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, यात मेट्रो आणि स्थानिक अधिभार धरलाय. घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावे असेल तर १ टक्का कमी, नवरा-बायको दोघांच्या नावे असेल तर ही सूट नाही. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. हे सगळं ॲग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दराने निघणारी किंमत) यात जे जास्त त्याच्यावर.

वडिलांनी मुलाला-मुलीला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मूळ स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. महापालिका हद्दीत वर अधिभार लागतोय का ते दस्ताच्या आधी काढून घ्या.

थोडे पैसे रोख द्यायचे म्हणतायत. सगळेच करतात ना?

सगळे करतात ते सांगत नाही, कायदा काय म्हणतो ते सांगतो. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला, म्हणजे रोख स्वीकारणाऱ्या विक्रेत्याला, तेवढ्याच रकमेचा दंड. शिवाय दस्तातली किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून खाली गेली तर फरकावर दोघांनाही इन्कम टॅक्स लागू शकतो. आणि सगळ्यात व्यवहारी गोष्ट, व्यवहार मोडला तर रोख दिल्याचा पुरावा काय? आज रोख देऊन घेतलेलं घर उद्या विकताना तुमची खरेदी किंमत कमी दिसते आणि टॅक्स तुमच्याच खिशातून जातो.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, कोणी कापायचा?

घेणाऱ्याने. किंमत किंवा रेडी रेकनर ५० लाख वा जास्त असेल तर १ टक्का कापून ऑनलाइन भरायचा, ज्या महिन्यात पैसे दिले तो संपल्यापासून ३० दिवसांत, आणि सर्टिफिकेट विकणाऱ्याला द्यायचं. दोन भावांकडून तीस-तीस लाखाचा हिस्सा घेतला म्हणून सुटलो असं ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, एकूण रक्कम बघतात.

विकणारा परदेशात राहणारा, म्हणजे एनआरआय असेल तर थांबा. तिथे ५० लाखांची मर्यादाच नाही, एका टक्क्याचाही विषय नाही, कॅपिटल गेनच्या (विक्रीतल्या नफ्यावरच्या टॅक्सच्या) दराने, अधिभारासकट, आणि कमी कपातीचं सर्टिफिकेट त्यांनी आणलं नसेल तर साधारणपणे पूर्ण किमतीवर कापावा लागतो. बेंगळुरूत राहणारा वेगळा आणि न्यू जर्सीत राहणारा वेगळा, आणि नाव तेच मराठी, आधार कार्डही पुण्याचं, त्यामुळे लोक विचारतच नाहीत. कापला नाही तर इन्कम टॅक्सवाले तुम्हाला धरतात, त्यांना नाही.

घर विकल्यावर मला टॅक्स किती?

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर लॉन्ग टर्म, नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल आणि तुम्ही भारतात राहणारे असाल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवणं) धरून २० टक्के हा पर्यायही मोजून बघा, जे कमी ते भरा. नफा दुसऱ्या घरात घातला, विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर तेवढी सूट. नाहीतर सहा महिन्यांत ठरावीक बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत. यासाठी वकील नको, सीए गाठा, आणि विकायच्या आधी गाठा.

भाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या वतीने कुलमुखत्यारपत्रावर सही चालेल?

चालेल, नीट केलेलं असेल तर. तिकडे भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशातला कागद इथे चालावा म्हणून तिथला सरकारी शिक्का) करून आणायचं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरायची. त्यात विकायचा अधिकार, पैसे स्वीकारायचा अधिकार आणि फ्लॅटचा नेमका तपशील लिहिलेला हवा. घेणाऱ्याने मुखत्यारपत्र देणारा हयात आहे ना याची त्या दिवशी खात्री करायची, व्हिडिओ कॉल करा सरळ, कारण माणूस गेला की मुखत्यारपत्र संपलं.

आणि फक्त मुखत्यारपत्र देऊन "घर विकलं" हा प्रकार २०११ च्या सुरज लॅम्प निकालाने बंद झाला. त्याने मालकी जात नाही.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी नक्की काय होतं?

आदल्या दिवशी पब्लिक डेटा एंट्री (दस्ताची माहिती ऑनलाइन भरणं) करून नंबर घेतलेला असतो, ई-चलन भरलेलं असतं. ऑफिसात टोकन नंबर, गर्दी, एक पंखा. घेणारे, विकणारे आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार-पॅन ओरिजिनल. कॉम्प्युटरसमोर बसायचं, फोटो, अंगठा, सही. म्हाताऱ्या आजींचे अंगठ्याचे ठसे झिजलेले असतात, मशीन परत परत नाकारतं, ऑपरेटर दुसरं बोट, ओला रुमाल, पुसा परत ठेवा असं करत राहतो आणि मागची रांग चुळबुळते. वयस्कर असतील तर सकाळचा पहिला नंबर लावा. फारच आजारी असतील तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची सोय आहे, त्याची फी वेगळी.

सही करायच्या आधी नावाची स्पेलिंग, पॅन, फ्लॅट नंबर, मजला, कार्पेट एरिया वाचा. नंतर चूक दुरुस्ती पत्राने होते, पण सगळ्यांना परत आणायचं म्हणजे काय ते ज्याने आणलंय त्याला विचारा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत रजिस्ट्रेशन झालं पाहिजे, पुढचे चार महिने दंड भरून.

पार्किंग दस्तात लिहून घ्यायचं का?

लिहून काय घेताय ते बघा. उघडी पार्किंगची जागा बिल्डरला विकताच येत नाही, २०१० च्या नहालचंद निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवलंय, ती सोसायटीची. रिसेलवाला "पार्किंगचे चार लाख वेगळे" म्हणाला तर सोसायटीने त्याला दिलेलं वाटपाचं पत्र मागा. बऱ्याच ठिकाणी नवीन सभासदाला परत रांगेत लागावं लागतं.

नवीन बुकिंग करतोय, बिल्डर २० टक्के भरा मग ॲग्रीमेंट करू म्हणतोय.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात रजिस्टर्ड ॲग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांच्या वर घ्यायला बंदी आहे. बाकी थोडक्यात: महारेरा नंबर (प्रोजेक्टचा रेरा नोंदणी नंबर) साइटवर टाकून प्रोजेक्ट पूर्ण व्हायची तारीख बघा, सेल्सवाला सांगतो ती नाही. किंमत कार्पेटवर, त्यात आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १, ओसी आल्यावर घेतलं किंवा रिसेल असेल तर शून्य. उशीर झाला तर बाहेर पडून व्याजासकट पैसे किंवा राहून दरमहा व्याज, निवड तुमची. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, गळती आली की ग्रुपवर फोटो टाकण्याआधी त्याला मेल टाका.

म्हाडा, सिडको, एसआरएचं घर?

म्हाडाच्या लॉटरीच्या घराला पहिली पाच वर्षं विकता येत नाही. त्याच्या आत मुखत्यारपत्र करून देणारे भेटतील, लांब राहा. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते, त्यामुळे ट्रान्सफरला सिडकोची परवानगी आणि फी धरून चाला. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराला त्या प्राधिकरणाची परवानगी आधी, टोकन नंतर.

फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे, "निघेल तो" म्हणतायत.

लीव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर्ड करार बघा, मुदत किती ते बघा. करारच नसेल तर जास्त काळजी. साठेखतात रिकामा ताबा असं लिहा आणि शेवटची मोठी रक्कम रिकाम्या घराची किल्ली मिळताना द्या.

रजिस्ट्रेशन झालं, आता काय?

ताबा पावती करा, तारीख आणि मीटर रीडिंग लिहून. सोसायटीला ट्रान्सफरचे फॉर्म लगेच द्या, पुढच्या मीटिंगची वाट बघत घरात ठेवू नका. प्रॉपर्टी टॅक्सला इंडेक्स टू जोडून नावबदल, लाइट बिलाचं महावितरणकडे ऑनलाइन होतं, गॅस पाइपलाइन असेल तर डिपॉझिटची पावती विकणाऱ्याकडून मागून घ्या कारण ते पैसे कोणाचे यावर नंतर फोनाफोनी होते. शेअर सर्टिफिकेट नावावर होऊन परत यायला बायलॉजप्रमाणे जितका वेळ लागायला हवा त्यापेक्षा जास्तच लागतो, सेक्रेटरींना दर पंधरा दिवसांनी गोड बोलून आठवण करत राहा. लोन असेल तर ते सर्टिफिकेट बँक मागेल, आधी स्कॅन करून ठेवा.